पळंपोरीची वही

शनिवार, ७ जून २०२५

आजपासून लिहून ठेवायचं. मागचे तीन प्रयत्न आठवणीवर सोडले आणि तिन्ही वेळा तीच चूक नव्या उत्साहाने केली.

करायची आहे ती केरळातली पळंपोरी. पिकलं केळं उभं चिरायचं, मैद्याच्या गोडसर पिठात बुडवायचं, तळायचं. मल्याळममध्ये पळम म्हणजे पिकलं फळ आणि पोरिक्कुक म्हणजे तळणं. काही भागांत हिलाच एत्तक्का अप्पम म्हणतात. दोन वर्षांपूर्वी नेत्रावती एक्सप्रेसने त्रिशूरला चाललो होतो, तेव्हा कोळिकोडच्या पुढे डब्यात एक जण विकायला आला. वीतभर लांब, वर पातळ पिवळं कवच, आत केळं शिजलेलं पण शाबूत, गोडाच्या मागून हलका आंबूसपणा. चहाबरोबर दोन खाल्ल्या. तिसरी हवी होती, पण तो माणूस त्रिशूरपर्यंत परत फिरकला नाही.

आजचा माल : कोपऱ्यावरच्या गाडीवरची तीन केळी, एक वाटी मैदा, दोन चमचे तांदळाचं पीठ, दोन चमचे साखर, चिमूटभर मीठ, हळद, वेलची. पाणी अंदाजाने.

सहा कापांपैकी दोन पिठातून उचलतानाच मोडले. उरलेल्या चारांचं कवच फुगलं आणि केळं आत सुटून एका कोपऱ्यात गोळा झालं. आईने एक मोडून पाहिली. "भजी छान झाल्येत. केळं कुठाय?"

माझा संशय पिठावर. फार पातळ होतं.

रविवार, १५ जून

स्वयंपाकाचा थर्मामीटर आणला. साडेचारशे रुपयांना. आई म्हणते तेवढ्यात पंधरा दिवसांची केळी आली असती.

आजचा दिवस फक्त आचेचा. लोखंडी कढई, ६०० मिली रिफाइंड शेंगदाणा तेल. पीठ या वेळी मोजून : मैदा १०० ग्रॅम, तांदळाचं पीठ २५ ग्रॅम, साखर २० ग्रॅम, पाणी १४० मिली. चमच्याची मागची बाजू झाकली जाईल इतपत घट्ट.

१५० अंशांना काप तळाशी जाऊन बसला, बऱ्याच वेळाने आळसात वर आला. रंग यायला पाच मिनिटं लागली आणि तोवर तेल पिऊन जड झाला होता. १९५ ला उलटं. पाऊण मिनिटात बाहेरून तपकिरी, कारण पिठातली साखर आधी जळते. आत पीठ कच्चं, चिकट. १७५ ला काम जमलं. बाजूला साधारण सव्वा मिनिट, पालटून तेवढंच, रंग हवा तसा.

खरी गोम थर्मामीटरशिवाय कळली नसती : तीन काप एकदम सोडले की १७८ चे १५८ होतात आणि परत वर यायला मिनिटभर लागतं. म्हणजे मी आजवर जे "मध्यम आचेवर" तळत होतो ते प्रत्यक्षात दीडशेवर तळत होतो. तेल १८५ ला न्यायचं, दोनच सोडायचे, आच मोठी करायची, सावरलं की मध्यम.

निथळायला आईने नेहमीप्रमाणे वर्तमानपत्र पसरलं. शाई अन्नात उतरते, अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही गरम पदार्थ वर्तमानपत्रावर ठेवू नका म्हणून सांगितलंय, हे मी तिला सांगितलं. "तुझे आजोबा आयुष्यभर कागदातली भजी खाऊन ब्याण्णव वर्षं जगले." तरी जाळी काढलीच. जाळी बरी पडते असं दिसलं. तळताना आतली वाफ बाहेर येत असते, ती तेलाला आत शिरू देत नाही. बाहेर काढल्यावर वाफ निवते, आत पोकळी होते आणि कवचावरचं तेल तिकडे ओढलं जातं. म्हणजे तेलकटपणा बराचसा कढईबाहेरच होतो. झाऱ्यावर दोनदा झटकून लगेच जाळीवर, कागदावर लोळवत ठेवायचं नाही.

कवच आज उत्तम. आतलं केळं तरीही लापशी.

शनिवार, २१ जून

पीठ हलकं व्हावं म्हणून पाव चमचा खायचा सोडा घातला. पंधरा मिनिटं झाकून ठेवलं. झाकण काढलं तर पिठात विटकरी ठिपके. मला वाटलं भांड्याला काही लागलं होतं. मग आठवलं, हळद आणि सोडा. हळद अल्कलीत लाल होते. शाळेत हळदीचा कागद करून साबणाच्या पाण्यात बुडवला होता, तेच. सोडा नीट न विरघळता जिथे जिथे बसला होता तिथे कुंकू.

तळल्यावर रंग गंजासारखा आणि जिभेवर साबणाची चव. सगळं पीठ फेकलं. सोडा बाद.

आईचं म्हणणं भज्यासारखं कडकडीत मोहन घाल. घातलं, एक चमचा. कवच खुसखुशीत झालं, पण तुकडे पडणारं. ते कांदाभजीला शोभतं. इथे कवचाने केळ्याला अंगरख्यासारखं धरायला हवं. मोहनही बाद. आई दोन तास बोलली नाही.

रविवार, २२ जून

एक कप इडलीचं पीठ आणलं. सोड्याऐवजी त्यातले दोन चमचे घालून बघायचं.

रविवार, ६ जुलै

आषाढी. मैदा बंद, तळण बंद. आणलेली केळी आईच्या फराळाला गेली.

संध्याकाळी शेजारच्या चेची आल्या. तीसेक वर्षं डोंबिवलीत आहेत, सगळी इमारत त्यांना चेचीच म्हणते, म्हणजे मल्याळममध्ये ताई, आणि त्या माझ्यापेक्षा स्वच्छ मराठी बोलतात. त्यांना वही दाखवली. पानं उलटत, आकडे वाचत शेवटपर्यंत गेल्या आणि म्हणाल्या, "सगळं लिहिलंस रे. केळं कुठलं ते कुठेच लिहिलं नाहीस."

मी म्हटलं, गाडीवरचं, साधं.

"ते जेवल्यावर खायचं केळं. त्याची पळंपोरी केलीस?" आणि असं हसल्या की आई आतून बाहेर आली.

नेंद्रन लागतं. एत्तप्पळम म्हणतात तेच. आमच्या गाडीवर येतं ते जी-नाइन, जळगावकडे मैलोन्मैल असतं ते. नाव ग्रँड नैन, कॅव्हेंडिश गटातलं. चार प्रयत्न पिठाला आणि आचेला दोष देत काढले. पहिल्या पानावर आईने विचारलं होतं केळं कुठाय म्हणून. तो विनोद होता असं मी धरून चाललो.

शनिवार, १२ जुलै

माटुंगा. स्टेशनबाहेरच्या गल्लीत नेंद्रन मिळालं, किलो ११० रुपये. दीड किलोत सात केळी. एकेक हाताच्या पंज्याहून लांब, कडा तीन-चार धारांच्या, मान निमुळती, साल जाड. दुकानदाराने विचारलं, चिप्सला की पिकवायला? चिप्सला हिरवं कच्चं देतात. मी अर्धवट पिवळी घेतली.

चेचींचा हुकूम : फ्रिजमध्ये ठेवायचं नाही, सालीवर काळं यायची वाट बघायची. त्यांच्या मते सगळ्यात देखणं केळं चेंगळिकोडनचं. त्रिशूर भागातला तो नेंद्रनचाच प्रकार, त्याला भौगोलिक मानांकन आहे आणि ओणमच्या आधी गुरुवायूरच्या देवळात त्याचे घड वाहतात. हे सांगताना त्यांचा आवाज आमचे कोकणातले काका हापूसबद्दल बोलतात तसा झाला होता.

बुधवार, १६ जुलै

पिवळी झाली. दाबून पाहिली, घट्ट. एक चिरून चाखलं : पिठूळ, तुरट. थांबायचं.

शुक्रवार, १८ जुलै

सालीचा तिसरा हिस्सा काळा. बोट दाबलं तर दबतं, पण रुतत नाही. देठाकडून गोड वास.

ऑफिसातून आल्यावर रात्री नऊला कढई चढवली. केळं अर्धं केलं नाही, अख्खं उभंच तीन कापांत, साधारण सात मिलिमीटर जाड. सुरी फिरली तेव्हाच फरक कळला. जी-नाइनचा काप ओला, निसरडा असतो आणि सुरीला चिकटतो. हा कोरडा, फिकट केशरी, पट्टीसारखा सरळ उभा राहिला.

पीठ : मैदा १००, तांदळाचं २५, साखर २०, मीठ, पाव चमच्याहून कमी हळद, तीन वेलच्या कुटून, थोडे काळे तीळ, दोन चमचे आंबलेलं इडलीचं पीठ, पाणी १३० मिली. मैदा घातल्यावर घोटायचा नाही. घोटला की चिवट होतो आणि कवच पुरीसारखं फुगून केळ्यापासून सुटतं. गुठळ्या जेमतेम मोडतील इतकंच ढवळायचं. तांदळाच्या पिठात तो चिवटपणा येतच नाही, म्हणून तेवढ्या २५ ग्रॅमने कुरकुरीतपणा येतो. पन्नास करून पाहिलं होतं, दाताला कडक लागलं.

काप आधी तांदळाच्या कोरड्या पिठात हलका लोळवून मग बुडवला. तेल १८५, दोन काप. १६८ पर्यंत उतरलं, चाळीस सेकंदांत १७५. सव्वा मिनिटाने पालटले, पुन्हा तेवढंच.

मोडून पाहिली. कवच केळ्याला सगळीकडून चिकटलेलं. आतलं केळं मऊ, धाग्याधाग्याने सुटणारं, आणि तो मागून येणारा आंबूसपणा.

आईला उठवलं. झोपेतच अर्धी खाल्ली. "हे निराळंय," म्हणाली आणि उरलेली अर्धी घेऊन आत गेली.

रविवार, ३ ऑगस्ट

एकाच पिठात, एकाच तेलात दोन्ही केळी शेजारी तळली, म्हणजे मनातली शंका जाईल. जी-नाइन मुद्दाम कमी पिकलेलं घेतलं होतं. तरी सुटलं.

कारण साधं आहे. नेहमीच्या केळ्यात शंभर ग्रॅममागे साधारण ७५ ग्रॅम पाणी असतं, नेंद्रनच्या जातीच्या भाजीच्या केळ्यांत ६५ च्या आसपास. शिवाय ही केळी पिकली तरी त्यांच्यातला बराच स्टार्च शिल्लक राहतो. आपल्या खायच्या केळ्यातल्या जवळजवळ सगळ्याची साखर झालेली असते. तेलात गेल्यावर जास्तीच्या पाण्याची वाफ होते, ती कवचाला आतून ढकलते, आणि काप धरून ठेवायला स्टार्च नसतो. मग भजी फुगणार आणि केळं कोपऱ्यात जाऊन बसणार. पीठ कितीही सुधारा.

गोव्यात फिलोस करतात ते केळं कुस्करूनच पिठात मिसळतात. घरात जी-नाइनच असेल तर तो रस्ता शहाणपणाचा. आपले गुलगुलेही तसेच.

मंगळवार, १२ ऑगस्ट

माटुंग्याच्या दुकानात फोन केला. नेंद्रन १५० वर गेलंय. ओणम ५ सप्टेंबरला, आणि त्याआधी केरळात घरोघर उप्पेरी, म्हणजे खारे चिप्स, आणि गुळात घोळलेली शर्करावरट्टी लागते, दोन्ही कच्च्या नेंद्रनची. पिकायला माल उरतच नाही, म्हणाला.

दुपारी डबा खाताना हे रडगाणं गायलो. आमच्या ऑफिसात आगाशीचे एक काका आहेत, पुढच्या वर्षी निवृत्त होतील. सहसा जेवताना बोलत नाहीत. फोनमधला नेंद्रनचा फोटो दाखवला तर चष्मा वर करून बघितला आणि म्हणाले, "ही तर राजेळी."

मी म्हटलं, काका, ही केरळची आहे.

"असेल. आमच्या वाडीत माझ्या आज्यापासून आहे. सुकेळी कशाची होतात वाटलं तुला?"

वसईची सुकेळी मी लहानपणापासून खातो. पिकलेली राजेळी सोलून उन्हात वाळवतात, चॉकलेटी, चिवट, मधासारखी होतात. ती कुठल्या केळ्याची, हे विचारावंसं कधी वाटलं नाही. आणि जे केळं सोलून उन्हात टाकलं तरी सडत नाही, घट्ट होत जातं, ते तेलात टिकणार नाही तर कुठलं टिकणार? नेंद्रन आणि राजेळी एकाच कुळातल्या. मी डोंबिवलीहून दादर गाठून माटुंग्याला जात होतो. दिव्याला गाडी बदलली की वसई.

काका म्हणाले, आता वाड्या कमी झाल्यात, पूर्वीसारखा माल नाही, पण एक फणी आणतो. पैसे विचारले तर पुन्हा डब्यात बघायला लागले.

मंगळवार, १९ ऑगस्ट

काल रात्रीपासून मुसळधार. लोकल बंद, ऑफिस बंद. काकांची राजेळी गेल्या गुरुवारी आली ती दोरीने खिडकीला टांगून ठेवली होती. पावसाळी हवेत सावकाश पिकली, आज सालीवर काळं नकाशासारखं पसरलंय. हीच वेळ.

नेंद्रनपेक्षा किंचित बारीक वाटली, गर तितकाच घट्ट. दोनच फरक : वास जास्त, आणि मधला बियांचा पट्टा थोडा तुरट. उभे काप तीनऐवजी दोनच केले तर तो पट्टा मधोमध चिरला जातो आणि तुरटपणा जाणवत नाही. पण मग काप जाड होतात. जाड कापांना १७० ला दोन्ही बाजू मिळून साडेतीन मिनिटं दिली. जमलं.

पिठात साखर २० वरून १२ ग्रॅमवर आणली. फळ गोड असलं की पिठाने गप्प बसावं.

आठ झाल्या. तीन चेचींकडे पाठवल्या, सोबत चिठ्ठी : वसईचं केळं आहे, सांगा कसं झालं. उत्तर तासाभराने रिकाम्या डब्यातून आलं, म्हणजे डबा रिकामा नव्हता, त्यात केळ्याचे चिप्स होते. चवीबद्दल अक्षर नाही.

शनिवार, ३० ऑगस्ट

गौरी-गणपतीच्या गडबडीत आज अकरा माणसं चहाला. सकाळी आईने परस्पर जाहीर करून टाकलं की पोराने केळ्याचं काहीतरी केलंय, थांबा.

तिप्पट पीठ भिजवलं. चूक तिथेच. दोनच सोडायचे हा माझाच नियम, पण बाहेर अकरा माणसं वाट बघत बसली की नियम लक्षात राहत नाही. पाच-पाच सोडल्या. थर्मामीटर १४६ दाखवत होता आणि मी त्याच्याकडे बघायचं टाळत होतो. पहिल्या दहा तेलकट. शिवाय उरलेलं पीठ तासभर तसंच राहिल्यावर खाली बसलं, साखर विरघळून पातळ झालं, आणि शेवटच्या कापांचे पाय उघडे पडले. पाहुण्यांनी कौतुक केलं. पाहुणे करतातच.

पुढच्या वेळी मोठं तळण असेल तर पीठ तीन भांड्यांत निरनिराळं, कोरडं मिसळून ठेवायचं आणि पाणी ऐनवेळी. आणि आईला जाहिरातीची बंदी.

तेल गाळून ठेवलं. खाली पिठाचा काळा चुरा होता, तो राहिला तर पुढच्या तळणाला कडू वास येतो. हे दुसरं तळण. आता ते फोडणीलाही नको.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

ओणम. चेचींकडे दुपारी पानावर जेवलो, सव्वीस पदार्थ मोजले, मग मोजणं सोडलं. नेंद्रन त्या एका जेवणात चार रूपांत होतं : मीठ घातलेली उप्पेरी, गुळातली शर्करावरट्टी, कालन नावाच्या दह्याच्या कालवणात, आणि पानाच्या कडेला एक अख्खं पिकलेलं.

चार वाजता मी घरून राजेळीच्या सहा पळंपोऱ्या गरम घेऊन गेलो. या वेळी अर्ध्या खोबरेल तेलात. घाण्याच्या तेलाला १७५ लाच धूर दिसायला लागतो, म्हणून १६५ ला ठेवून थोडं जास्त तळलं. वासाने निम्मं काम केलं.

चेचींच्या आई गावाहून आल्या आहेत. त्यांना मराठी येत नाही, मला मल्याळम. त्यांनी एक घेतली, दोन्ही हातांनी मोडली, आतलं केळं निरखून पाहिलं आणि चेचींना काहीतरी विचारलं.

"काय म्हणाल्या?"

"विचारतेय, केळी गावाहून कोणी आणली."

मी वसई म्हटलं. वसई कुठे, हे चेची त्यांना बराच वेळ समजावत होत्या. तेवढ्यात म्हातारबाईंनी दुसरी उचलली होती.

काकांना सोमवारी आणखी एक फणी सांगायची. या वेळी पैसे घेतल्याशिवाय नाही असं आधीच बजावायचं. उद्या अनंत चतुर्दशी, कढई परवा.